चौदा मिनिटं

मंगळवार, २७ जानेवारी

ही वही शाळेतल्या मुलांच्या हजेरीसाठी आणली होती. आता रजा टाकलीय, तर तिच्यात माझीच हजेरी मांडते. बोलायला घरात दुसरं कोणी नाही. नवरा मल्लेश मस्कतला कामावर आहे, त्याला एप्रिलपर्यंत सोडत नाहीत. कळंब्याच्या या घरात मी आणि माझे सासरे, दोघंच.

आज दवाखान्यात आप्पांचा मास्क तयार केला. गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावरून खांद्यांपर्यंत दाबून बसवली आणि ती कडक होईपर्यंत त्यांना निपचित पडायला लावलं. घशातल्या कॅन्सरच्या गाठीवर किरणं सोडायची तर मान केसभरही हलून चालत नाही. म्हणून हा मास्क टेबलाला पक्का अडकवायचा आणि रोज चौदा मिनिटं त्याच्या आत पडून राहायचं. अशा तीस खेपा. आप्पांनी अडतीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत वाळूचे साचे केले. बाहेर आल्यावर म्हणाले, "जन्मभर मी साचं काढलं, आज पोरांनी माझाच काढला की." आवाज बसलाय, पण बोलणं काही बसलेलं नाही.

आत जाताना गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं. आप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीत त्यांचं इष्टलिंग असतं. लिंगायतांच्यात ते लहानपणीच मिळतं आणि मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. मी जैनांची, मला हे लग्नानंतर कळलं. त्यांनी दोऱ्यासकट डबी रुमालात बांधली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सांभाळ."

ती डबी माझ्याकडून हरवली आहे.

पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली होती. मग फाईल, फॉर्म, झेरॉक्सची रांग, पाण्याची बाटली, रिक्षा. घरी येऊन हात घातला तर कप्पा रिकामा. पिशवी तीनदा उलटी केली. दवाखान्यात फोन केला, झेरॉक्सवाल्याला केला. रिक्षावाल्या केरबानं "बघतो वहिनी" म्हणून ठेवून दिला. आप्पांना मी सांगितलं की, उपचार संपेपर्यंत गळ्यात काही घालायचं नाही असं डॉक्टर म्हणालेत, डबी अव्वांच्या कपाटात ठेवलीय. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, ते कपाट कोणी उघडत नाही.

भाजीत मीठ कमी पडलं तर आप्पा सगळ्या गल्लीला सांगतात. आज नुसतं "बरं" म्हणाले. सुटले बाई.

गुरुवार, २९ जानेवारी

शेजारच्या चिमणाबाईंना आडून आडून विचारलं, कुणाचं लिंग हरवलं तर काय करतात हो? त्या लिंगायतच आहेत, सत्तरीच्या. म्हणाल्या, "आता मठातलं स्वामी नवं देत्यात. पण आमच्या आज्जीच्या टायमाला म्हणायचे, लिंग गेलं की माणसानं मागं ऱ्हाऊ नये." आणि पुढं शांतपणे शेंगा सोलत बसल्या.

म्हणजे घशात गाठ घेऊन बसलेल्या माणसाला मी जाऊन सांगायचं, आप्पा, तुमचं लिंग मी झेरॉक्सच्या दुकानात घालवलं. लग्न झाल्यावर सहा महिने ते माझ्याशी बोलत नव्हते, जैनांची पोरगी आणली म्हणून. चार वर्षांत मी भाकरी थापायला शिकले, त्यांचं ओरडणं सोसायला शिकले, आणि शेवटी हे. नाही सांगणार. मरेपर्यंत नाही सांगणार. कुणाच्या मरेपर्यंत, ते लिहायचं नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी

पहिली खेप. दोन मिनिटांत आप्पांनी हात वर केला. मास्क काढावा लागला. घामानं भिजले होते.

बुधवार, ४ फेब्रुवारी

आज दीड मिनिट. उतरताना टेक्निशियन पोराला म्हणाले, "तूच झोप की रं, मी बटण दाबतो."

डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. म्हणाल्या, सोमवार सोळा तारखेपर्यंत थांबता येईल, त्यापुढे नाही. गाठ वाट बघत बसत नाही, सगळी मापं नव्यानं घ्यावी लागतील आणि तोवर किती वाढेल सांगता येत नाही. रोज गुंगी देणं त्यांच्या हृदयाला झेपणार नाही. "त्यांना कोंडल्यासारखं होतंय. श्वासावर लक्ष ठेवायला शिकवा, ध्यान शिकवा. पण जोर करू नका, हळूहळू."

मला एकदम हुरूप आला. इतके दिवस नुसती डबी शोधत होते, आता हाताला काम मिळालं. शिवाय ध्यान म्हणजे माझ्या घरचं. जयसिंगपूरला माझी आई रोज सामायिकाला बसते, अठ्ठेचाळीस मिनिटं जागची हलत नाही. मी स्वतःही दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला जाऊन आलेय. सहाव्या दिवशी तिथून पळाले, हे मात्र आप्पांना सांगितलेलं नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

विषय काढला. आप्पा म्हणाले, "डोळं मिटून बसायला मी काय बगळा हाय?"

मोबाईलवर एक ॲप लावून दिलं. त्यात एक बाई फार मऊ आवाजात सांगते, खांदे सैल सोडा, जबडा सैल सोडा. आप्पांनी एक मिनिट ऐकलं. "सैल सोडा, सैल सोडा. साच्याची पेटी सैल सोडली तर लोखंड पायावर येतंय. ह्या बाईला फौंड्रीत कोण घेणार?" मग तिला बंद करून शेतीच्या बातम्या लावल्या.

मी हसले. मोरीत जाऊन रडलेही. दहा दिवस उरलेत.

रविवार, ८ फेब्रुवारी

जोर करायचा नाही म्हणून आज ध्यानाचं नावच काढलं नाही. चहा ओतला आणि म्हटलं, आप्पा, वाफ दिसतेय ना, ती दिसायची थांबेपर्यंत नुसतं बघायचं, मग प्यायचा. त्यांनी वाफेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि कप उचलून फुर्रकन ओढला. "थंड चहा प्यायला मी आजारी हाय व्हय?" मग स्वतःच हसले. आजारी आहेत हे पाच सेकंद आम्ही दोघंही विसरलो होतो.

दुपारी मल्लेशचा फोन. सगळं विचारून झाल्यावर म्हणाला, "आप्पा लिंगाशिवाय राहिलेत कसे गं? टायफॉईड झाला होता तेव्हापण काढलं नव्हतं. सकाळची पूजा कशी करतात?" मी म्हटलं, राहिलेत की, डॉक्टरांनीच सांगितलंय ना. पूजेचं मला काय ठाऊक? आप्पा पहाटे अंघोळ करून देवाच्या खोलीचं दार लावून घ्यायचे, पहिल्या पाळीची सवय. त्या वेळी तिथं जायचं नाही हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, म्हणून कधी गेले नाही.

फोन ठेवून गच्चीवर वाळवण काढायला गेले. आमच्या गच्चीवरून जेलची भिंत दिसते. आतल्यांना निदान सुटायची तारीख ठाऊक असते. मला माहेरी फोन करून रडता येत नाही, नवऱ्याला सांगता येत नाही, सासऱ्यांच्या डोळ्यांत बघता येत नाही. घराबाहेर पडले तरी नजर रस्त्याच्या कडेला रुमाल शोधते. भाजीवाली परवा म्हणाली, वहिनी, काय पडलंय का?

सोमवार, ९ फेब्रुवारी

जमलं! आप्पा आपणहून बसले!

पहाटे मागच्या सोप्यात, पडवीत गेले तर आप्पा पाटावर बसलेले. अंघोळ झालेली, कपाळाला भस्माचे पट्टे. डावा हात छातीपुढं धरलेला, तळहात उघडा, आणि नजर त्या तळहातावर. माझी चाहूल लागली तरी हलले नाहीत. मी दारात उभी राहून मोबाईलवर वेळ लावली. अकरा मिनिटं!

पद्धत मात्र सगळी चुकीची. डोळे उघडे, पाठ भिंतीला, हात असा अधांतरी. झाल्यावर मी हळूच म्हटलं, "आप्पा, हात असा वर धरला की दुखून येतो. मांडीवर एकावर एक ठेवा, आमच्या बस्तीत, देवळातल्या मूर्तीचे असतात तसे. आणि डोळे मिटा."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. ओरडतील असं वाटलं. पण त्यांनी मुकाट दोन्ही हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले. मी चहा टाकून परत येते तोवर डावा हात पुन्हा वर. जाऊ दे, जोर करायचा नाही. चहाची वाफ नको, तर तळहात. मन टेकायला काहीतरी हवं असतं म्हणतात, त्यांनी आपला हात निवडला.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आज पूर्ण चौदा मिनिटं, पापणी न लववता. त्यांना सोबत म्हणून मीही मागं चटई टाकून बसले. गुरूनं आधी करून दाखवावं ना. डोळे मिटले की पिशवीचा तो कप्पा दिसतो. दोन मिनिटांत चार वेळा मोबाईल बघितला, केरबाचा मेसेज आलाय का म्हणून. आप्पा मागं न वळता म्हणाले, "ठेव की गं त्यो फोन. मिळायचं ते मिळतंय, न मिळायचं ते न्हाय मिळत." मल्लेशचा फोन लागत नाही असं वाटलं असेल त्यांना.

उद्या दवाखान्यात पुन्हा करून बघायचंय. मला खात्री आहे.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

पाच मिनिटं. मग हात वर.

टेक्निशियननं विचारलं काय होतंय, तर म्हणाले, "छाती मोकळी मोकळी वाटतीय." त्यानं घाबरून ईसीजीची पट्टी काढायला पाठवलं. ती नीट आली. कोंडलेल्या माणसाला मोकळं कसं वाटेल? घाबरलं की माणूस काहीही बोलतं.

घरात बसतात तर तिथं का नाही? रिक्षात मी चिडले. म्हटलं, आप्पा, माझ्यासाठी तरी करा, मी काय कमी करतेय का? ते बाहेर बघत होते. केरबाची रिक्षा नव्हती ती. माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखा केला आणि काढून घेतला. चार वर्षांत पहिल्यांदा.

मला माझीच लाज वाटली.

शनिवार, १४ फेब्रुवारी

काल संध्याकाळी संकेश्वरहून आत्या आल्या, शांतादेवी, आप्पांची धाकटी बहीण. उद्या महाशिवरात्र, भावाला भेटून जावं म्हणून. मला त्यांची आधीपासून भीती वाटते. घरात शिरल्या की डबे हुंगतात.

आज पहाटे मी चहाचा ट्रे घेऊन सोप्यात आले, तर आत्या आप्पांच्या पुढं उभ्या आणि आप्पा त्यांच्या नेहमीच्या पाटावर, डावा हात छातीपुढं धरून. आत्यांनी तोंडावर पदर दाबला होता.

"अण्णा! लिंग कुठं हाय? रिकाम्या हातानं पूजा करतोयस?"

मी ट्रे तसाच खाली ठेवला.

पूजा. ती पूजा होती. पहाटे त्या बंद दारामागं ते हेच करायचे. डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचे आणि त्याच्याकडं एकटक बघत बसायचे. सत्तावन्न वर्षं. आणि मी त्यांना हात मांडीवर ठेवायला सांगितलं. चौदा मिनिटं झाली म्हणून बोटांवर दिवस मोजले.

मी तोंड उघडलं होतं. सांगणारच होते. आप्पा माझ्याआधी म्हणाले, "हरवलं. माझ्याच हातनं. दवाखान्यात कापडं बदलताना. आता गळा काढू नगंस शांते, पयलंच एक गळा बिघडलेला हाय घरात."

आत्या आत जाऊन रडल्या. मी तशीच खाली बसले. मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"त्याच दिवशी. तू पिशवी झाडत व्हतीस, केरबाला फोन लावत व्हतीस, अव्वाच्या कपाटाचं नाव सांगत व्हतीस. त्या कपाटाची किल्ली माझ्या कनवटीला असती, पोरी. घसा गेलाय माझा, कान न्हाय गेलं."

"मग ओरडला का नाहीत?"

"वरडून काय मिळालं असतं? एकदा तोंडातनं गेलं असतं तर ह्या घरात तुझ्या नावाला ते कायमचं चिकटलं असतं. जैनांच्या सुनंनं लिंग घालवलं, सासरा मेला. मी बरा झालो असतो तरी म्हटलं असतं." घोटभर चहा घेतला, गिळताना तोंड वाकडं झालं. "मठात जाऊन नवं घ्यावं म्हटलं, तर तिथंबी जुनं कुठं गेलं ते सांगावं लागतंय. मग गावभर."

मी विचारलं, चिमणाबाई म्हणतात ते तुम्हालाही वाटलं का, मागं राहू नये असं?

"वाटलं की. दोन दिवस लई वाटलं. मग म्हटलं, हात तर हाय."

मी खूप रडले. इतके दिवस मोरीत रडत होते, आज त्यांच्यापुढं रडले. रडता रडता विचारलं की मग मास्कमध्ये भीती कसली वाटते. ते म्हणाले, "भीती न्हाय गं. मास्क बरा हाय, चांगला बसतोय, पोरांनी साचा नीट काढलाय. पण उताणं पडलं की हितं..." त्यांनी छातीच्या मधोमध बोट टेकवलं. "हितं वजन न्हाय. सहा वर्साचा व्हतो तवापासनं हितं वजन हाय. ते नसलं की जीव वर वर येतोय, उडून जाईल असं वाटतंय. म्हणून हात वर करतोय."

डॉक्टरीणबाईंनी कोंडल्यासारखं म्हटलं, मी ते मानलं. या घरात कोंडून घेतलं होतं ते मी स्वतःला.

रविवार, १५ फेब्रुवारी

सकाळी तिघं मठात गेलो. शिवरात्रीची गर्दी होती, दोन तास रांगेत. स्वामींनी विचारलं, आधीचं कुठं गेलं? आप्पा त्या बसलेल्या आवाजात शक्य तितक्या मोठ्यानं म्हणाले, "माझ्याच हातनं गेलं." मी मागून म्हटलं, "माझ्या हातून गेलं, स्वामीजी." म्हणून टाकलं. आत्यांनी झटकन वळून पाहिलं. आप्पांनी कपाळावर हात मारला.

स्वामी म्हातारे आहेत. दोघांकडं बघून म्हणाले, एकच वस्तू हरवणारे दोघं पहिल्यांदाच बघतोय. मग आप्पांना आत नेलं.

घरी येताना आत्या माझ्याशी बोलल्या नाहीत. रात्रीच्या फराळाला मात्र माझ्या ताटात रताळं वाढलं.

सोमवार, १६ फेब्रुवारी

मुदतीचा शेवटचा दिवस म्हणून आत्याही दवाखान्यात आल्या. आप्पांना विचारलं, आज छातीवर वजन नसणारच, मग? म्हणाले, "ते हरवल्यालं न्हाय आता. काढून ठेवल्यालं हाय. दोन्हीत फरक हाय की."

आतून नाव पुकारलं. आप्पांनी दोरा डोक्यावरून काढला, नवी डबी रुमालात बांधली. आत्यांनी हात पुढं केला. "माझ्याकडं दे अण्णा. तिला दीक्षा न्हाय."

आप्पा त्यांच्या हातापुढून पुढं आले आणि रुमाल माझ्या हातात ठेवला.

"धर. पिशवीत न्हाय घालायचं. हातात धरून बस."

आत्या काही बोलणार होत्या, पण दार लागलं.

मी बाकावर बसले. डावा हात पुढं धरला, तळहात उघडा, त्यावर रुमालाची गाठ. समोरून स्ट्रेचर गेलं, कोणीतरी बाई काउंटरवर भांडत होती, बाजूच्या पिशवीत माझा फोन वाजला, बराच वेळ वाजला. केरबाचा असेल, मल्लेशचा असेल. मी त्या गाठीकडं बघत राहिले. रुमालाला एक निळा धागा होता, तो सुटत आला होता. हात दुखायला लागला, मग दुखायचा थांबला. एकदा आत्यांनी माझ्या कोपराखाली त्यांची पर्स टेकवली, आधाराला.

दार उघडलं तेव्हा आप्पा उभे होते, मागं टेक्निशियन पोरगा अंगठा वर करून. गालांवर, कपाळावर जाळीचे वळ उठले होते.

"किती झाली मिनिटं?" त्यांनी मला विचारलं.

"ठाऊक नाही," मी म्हटलं. खरंच ठाऊक नव्हतं. घड्याळ बघायचं राहूनच गेलं होतं.

"मग जमलं तुला," आप्पा म्हणाले आणि मान खाली केली. मी गाठ सोडून दोरा त्यांच्या गळ्यात घातला, आणि आम्ही तिघं रिक्षा बघायला बाहेर पडलो.